शटरच्या आतली यादी

रात्री हिशेबाला बसले की शटर आतून ओढून घेते
आणि पन्हाळी पत्र्यावर खडूनं उद्याची कामं लिहिते.
वर मोठी. खाली किरकोळ.
सकाळी शटर चढतं, यादी स्वतःभोवती गुंडाळत
वरच्या डब्यात, कोळ्याच्या जाळ्यात जाऊन बसते.
मग दिवसभर ती पाठ म्हणायची.
एखादी ओळ रोज गळते.

वजनकाटे दुरुस्तीचं दुकान आमचं,
पंचवटीत, पेठ नाक्याच्या अलीकडे.
सासऱ्यांच्या हातात पितळी पारडी होती,
माझ्या हातात लोडसेल, बॅटऱ्या, चिनी सर्किटं.
लोक म्हणतात, तुम्हाला काय,
कुठलं काम जड ते तुम्ही चटकन सांगाल.
हो ना.
छाजेडांचा प्लॅटफॉर्म काटा तीनशे किलोचा,
जीएसटीचा कागद पाच ग्रॅमचा,
आणि रात्री झोप कुणी उडवली, विचारा.

आज बुधवार.
साडेसातला छाजेडांचा फोन:
मार्केट यार्डात टोमॅटो उतरलाय,
काटा शून्यावर थांबत नाही, आत्ता या.
शिक्क्यासाठी आलेले नऊ काटे फळीवर,
साहेब उद्या बसणार, त्याआधी सगळे तपासून हवेत.
वीस तारीख. विवरणपत्र.
ओटीपी सासऱ्यांच्या मोबाइलवर येतो
आणि सासरे गंगेवर.
लेकीच्या डब्यात पोळीऐवजी टोस्ट गेले.
तौसीफचा हात सोल्डरिंगला स्थिर,
पण आधी काय करू, ते विचारतो
दर वेळी, माझ्याचकडे बघून.

आणि पायरीवर सकवारबाई.
मुंगसऱ्याची. शेजारी मेथीची पाटी.
काल सांगून गेली होती, लिहिलंही होतं मी,
सगळ्यात खाली.
तिचा छोटा काटा किलोला चाळीस ग्रॅम कमी दाखवतो.
"गिऱ्हाईक खूश हाये," ती म्हणाली,
"म्याच तेवढी रोज गळती."
पाच मिनिटांचं काम. ऐंशी रुपये.
मी म्हटलं, बसा, आलेच.

"आलेच" हा शब्द एकदा
आमच्याच काट्यावर ठेवून बघायला हवा.

यार्डात प्लॅटफॉर्मखाली टोमॅटो सडून बसला होता,
लोडसेलला चिकटून, लाल, आंबूस.
हातरुमालानं पुसला.
छाजेडांनी चहा पाजला, पैसे पुढच्या आठवड्यात.
परतले तेव्हा साडेअकरा.
पायरीवर मेथीच्या चार काड्या.

तौसीफ म्हणाला, बाजार भरेल म्हणून गेल्या,
काटा घेऊन गेल्या.
तूच का नाही केलास?
तुम्ही सांगितलं नव्हतं.
खरंच होतं ते,
म्हणून मी जरा जास्तच रागावले.

मग जेवण राहिलं, मग वीज गेली,
नवातले सात काटे झाले,
ओटीपी आला आणि सासऱ्यांनी चष्मा शोधेपर्यंत संपला.

रात्री शटर ओढलं,
आणि बारा वर्षांत न दिसलेलं दिसलं:
उतरताना शेवटची ओळ आधी येते.
मोठी कामं अजून वर, डब्यातल्या अंधारात,
आणि डोळ्यांसमोरून, मग छातीसमोरून,
मग गुडघ्यांपर्यंत सावकाश उतरत गेली
माझ्याच अक्षरातली
सकवारबाई, छोटा काटा.

खडू हातात होताच. तिथंच मांडलं:
दिवसाला बावीस किलो, किलोला चाळीस,
आठशे ऐंशी ग्रॅम.
रोज.
आणि मला हे कालच येत होतं.

पुसलं काहीच नाही.
विवरणपत्र तसंच, दिवसाला पन्नास दंड धरून,
शिक्क्याचे दोन काटे तसेच.
पिशवीत बारीक पेचकस टाकला
आणि सासऱ्यांचं जुनं पितळी वजन.
उद्या ती मखमलाबाद नाक्यावर बसते, सहाला.
दुकान साडेसातला उघडतं.
मधला दीड तास मी कुठंच लिहिला नाही.

घरी जाताना पिशवीचा बंद
खांद्यात रुतत राहिला.
अर्ध्याच किलोचं वजन ते.